काढलेला फोटो

आमच्या घरात कॅमेरे दोन आणि त्यांच्यावरून होणारं भांडण एक. पहिला कॅमेरा माझा, रोलचा, जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाने परदेशातून आणून दिलेला. दुसरा लेकीचा, चपटा, डिजिटल, तिच्या कॉलेजच्या दिवसांतला. चांगले फोन आल्यावर तो तिच्या कपाटात पडून होता, आणि आता अशा कॅमेऱ्यांची पुन्हा फॅशन आली आहे असं सांगून तिने तो माझ्या गळ्यात मारला. आमच्या ह्यांचं मत असं, की ज्या बाईला मुरुडच्या रस्त्यांवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोटो काढायची खोड आहे, तिला दुसरा पुरे. बटण दाबलं, फोटो दिसला, विषय संपला. हातच्या काकणाला आरसा कशाला, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझं ठरलेलं उत्तर, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. हे मी त्यांच्याकडे बघून म्हणते, म्हणजे दोन्ही अर्थांनी लागतं.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांना मी सूर्य, डोंगर आणि दोन नारळांची झाडं काढायला लावलेली आहेत, आणि त्या पुण्याईवर आता मी कुठेही कॅमेरा घेऊन उभी राहिले तरी कोणी हटकत नाही. एसटी स्टँडवर उभी राहिले तर एखादा कंडक्टर विचारतो, बाई, अलिबागला का? मी नाही म्हणते, तो मान हलवतो. बाजारात, बेकरीसमोर, वाडीतल्या गल्ल्यांत, कोळीवाड्यात मी रोज सकाळी तासभर हिंडते. मोठ्या शहरांतले लोक ह्याला काहीतरी भारदस्त नाव देतात. आमच्याकडे ह्याला बाई फिरायला निघाल्या असं म्हणतात, आणि मला तेच बरं वाटतं.

मामाचा कॅमेरा समजावून सांगायचा तर त्याच्या खिडकीपासून सुरुवात करावी लागते. ह्या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघतच नाही. बघायची खिडकी वरच्या कोपऱ्यात, वेगळी. तिच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्या चौकोनात समोरचं माणूस दोनदा दिसतं, एक खरं आणि एक बाजूला सरकलेलं. भिंगाभोवतीची कडी फिरवत गेलं की ती दोन माणसं जवळजवळ येतात आणि एकमेकांवर चपखल बसतात. बसली की बटण दाबायचं. हे करताना माझा दुसरा डोळा उघडा असतो, त्यामुळे चौकटीच्या बाहेरून कोण येतंय तेही कळतं. सायकलवाला येतोय, कुत्रा येतोय, जरा थांबू या, असं करता येतं. हे थांबणं मला आवडतं. रोल मुंबईहून आणावा लागतो, छत्तीस फोटोंत संपतो, म्हणून उगाच कोणी बटण दाबत नाही.

ह्या कॅमेऱ्याचा एक दुर्गुणही सांगितला पाहिजे, कारण हे तो सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. भिंग वेगळं आणि खिडकी वेगळी असल्यामुळे भिंगावरचं झाकण काढायला विसरलं तरी खिडकीतून सगळं छान दिसत राहतं. एका पुतणीच्या साखरपुड्याचा अख्खा रोल मी झाकण लावूनच काढला. धुऊन आला तर कोरा. तेव्हापासून त्या साखरपुड्याचा विषय निघाला की हे म्हणतात, अंधारात झाला होता तो.

डिजिटलचं कौतुकही मला करायला हवं. तो आवाज करत नाही, पिशवीत मावतो, संध्याकाळी मासळी बाजारात एक पिवळा दिवा असला तरी त्याला दिसतं. समुद्रावर मात्र तो अगदी निकामी. उन्हात त्याच्या पाठीमागच्या काचेवर फोटोऐवजी माझंच तोंड दिसतं, आणि त्याला बघत बघत चालण्याचं माझं वय गेलं. शिवाय तो हातभर पुढे धरावा लागतो, आरतीचं तबक धरल्यासारखा.

पण खरा फरक काचेचा नाही, माणसांचा आहे. रोलचा कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचं माणूस हसतं किंवा लाजतं आणि आपल्या कामाला लागतं. फोटो कसा आला हे त्याला बघता येत नाही, मलाही येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन-तीन महिन्यांनी मी कागद हातात ठेवते तेव्हा तो दिवस त्याच्यासाठीही जुना झालेला असतो, आणि जुन्या दिवसात माणूस स्वतःला बरं दिसतं. डिजिटल कॅमेरा बाहेर आला त्या दिवसापासून मात्र बाजारात एकच शब्द सुरू झाला. दाखव. टोपली बाजूला ठेवून बायका माझ्याभोवती गोळा व्हायच्या, काचेवर डोकी एकमेकांवर आपटायची, आणि मग निकाल लागायचा. दात दिसतायत. पदर सरकलाय. माझं तोंड बघ कसं कापलेल्या सुरमईसारखं आलंय. आणि शेवटी हुकूम, ह्यो काढ बाई.

ह्यो काढ म्हणजे हा काढून टाक. मी निमूटपणे कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण दाबायचे. फोटो गेला की त्या समाधानाने टोपलीकडे परत जायच्या. असे किती चांगले फोटो मी बाजारातच काढले आणि बाजारातच काढून टाकले, त्याला गणती नाही. पण त्यात मला सवय अशी लागली, की काचेकडे बघून कोणी काढ म्हटलं की माझा अंगठा विचार न करता त्या बटणावर जायचा.

आता ज्या दोघांमुळे हे लिहिते आहे त्यांच्याकडे येते. ज्या कोळणीकडून मी मासळी घेते ती माझ्याच वयाची. कोळीवाड्यातलं तिचं घर समुद्राकडे तोंड करून आहे. ती मला बाई म्हणते आणि एकेरीत बोलते, आणि तिच्या तोंडात ते मानाचंच वाटतं. तिचा नवरा होडीचा मालक, म्हणून सगळे त्याला नाखवा म्हणतात. ताठ, सडसडीत, बोलायला महाग. वाऱ्याला, पोलिसाला, कोणालाही न घाबरणारा हा माणूस कॅमेऱ्याला मात्र घाबरतो. घाबरतो हा शब्द त्याला आवडायचा नाही, पण कॅमेरा निघाला की त्याची मान आपोआप समुद्राकडे वळते. त्याच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम मी पाहिला आहे. त्यात त्याची पाठ आहे, कोपर आहे, आणि एका फोटोत बँडवाल्यांच्या मागे नुसती टोपी आहे.

कोळणीच्या घरात एक भिंत फोटोंची आहे. देव आहेत, सासूसासरे आहेत, मुलं, सुना, नातवंडं आहेत. नवराबायको मिळून नाहीत. त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोवाला येणार होता तो आलाच नाही, आणि नंतर नाखवा कधी सापडला नाही. एकदा कोलंबी निवडून देताना तिने मला हे सांगितलं, आणि सांगताना तिचा हात थांबला.

"एक दिस ह्यो मरल तवा आधार कार्डावरचा मोटा करून लावतील," ती म्हणाली. "चोरासारका आलाय त्यात. मना आमचा दोगांचा एक पायजे. जित्तेपनीचा."

त्या दिवसापासून मी नाखव्याच्या मागावर होते. पण ज्याचा जन्म माशांच्या मागावर जाण्यात गेला, त्याला मागावर कोण आहे हे पाठीलाही कळतं. मी कोळीवाड्याच्या वळणावर दिसले की तो होडीच्या पलीकडच्या बाजूला कामाला लागायचा.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळची हवा कोरडी, बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले, आणि सुकटीचा तो वास, जो परक्याला नको होतो आणि मला माहेरी आल्यासारखा वाटतो. नाखवा घरासमोर वाळूत बसून जाळं शिवत होता. कोळीण शेजारी बसून सुकट निवडत होती. मला पाहून तो उठायला गेला आणि उठता येईना. जाळ्याचा टाका घालता घालता त्याने स्वतःच्या सदऱ्याची कडही त्यात शिवून टाकली होती. ओढून पाहिलं, जाळंच वर उचललं गेलं. तो खाली बसला आणि काही झालंच नाही असा चेहरा करून गाठ सोडवू लागला.

माझ्या गळ्यात मामाचा कॅमेरा होता. मी तो डोळ्याला लावला आणि कडी फिरवायला लागले. चौकोनात मी कोळणीला धरलं होतं, दोन कोळणी हळूहळू एक होत होत्या. तेवढ्यात तिचं लक्ष त्या सदऱ्याकडे गेलं.

"बग बाई," ती म्हणाली, "आदी मी धरला, आता जाल्यानं पन धरला."

मी बटण दाबलं. आणि नाखवा हसला. मोठ्याने, मान मागे टाकून, दात दाखवून. असा हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मामाच्या कॅमेऱ्यात फोटो झाल्यावर पट्टी ओढून रोल पुढे सरकवावा लागतो, तेवढी उसंत नव्हती. मी पिशवीतून लेकीचा कॅमेरा काढला, तबकासारखा पुढे धरला आणि दाबला. तो अजून हसत होता, आणि कोळीण त्याच्या खांद्याला टेकून हसत होती. लेकीच्या त्या चपट्या डबीला मी मनातल्या मनात हात जोडले. खरं ते खरं, मामाच्या कॅमेऱ्याने तो क्षण गेला असता.

नाखव्याने सदरा फाडून स्वतःची सुटका करून घेतली आणि तो होडीकडे गेला. कोळीण माझ्याकडे आली आणि म्हणाली, दाखव. उन्हात काही दिसेना म्हणून आम्ही दोघी तिच्या पदराखाली डोकी घालून बघू लागलो. तिने बराच वेळ पाहिलं. बोटाला सुकट लागली होती म्हणून काचेला हात न लावता पाहिलं. मग पदर काढून घेत म्हणाली, "ह्यो काढ, बाई."

आणि माझा अंगठा गेला.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मला वाटलं, एवढे दात दाखवून हसणारा नवरा भिंतीवर नको असेल तिला. माणसं कधी कशाला लाजतील सांगता येत नाही. ती समाधानाने सुकटीकडे वळली, मी समाधान नसताना पुढे गेले, आणि बाजारात, स्टँडवर, बेकरीपाशी सकाळभर फोटो काढत राहिले.

पुढच्या खेपेला मासळी घेताना तिने मला हळूच विचारलं, काढलास ना? मी म्हटलं, हो, तेव्हाच काढला. तिला केवढा आनंद झाला. माझ्या पिशवीत तिने वर दोन पापलेटं टाकली आणि काही केल्या परत घेईना. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, फोटो काढून टाकल्याबद्दल पापलेट मिळण्याची ही पहिलीच वेळ. हे म्हणाले, तुझे फोटो बघता आश्चर्य नाही.

असं आणखी एकदा झालं. काढलास ना, काढला ना. दोघी एकमेकींकडे बघून हसतो आहोत आणि दोघींना वाटतं आहे की आपलं काम झालं. मग एका सकाळी तिने मला हात धरून घरात नेलं. फोटोंच्या भिंतीवर देवांच्या खाली जागा केली होती. नवा खिळा होता आणि त्या खिळ्याला एक रिकामी फ्रेम, सोनेरी काठाची, काच पुसून लख्ख केलेली. सुनेने भिंतीला तेवढ्यापुरता रंगही लावला होता. कोळीण म्हणाली, दे आता.

मला आधी कळेचना. मी म्हटलं, काय देऊ? ती म्हणाली, फोटो, तू काढलास तो. मी म्हटलं, अगं, तूच म्हणालीस काढ, मी काढून टाकला. तेव्हा तिला कळेना. मग आम्ही दोघी त्या रिकाम्या फ्रेमसमोर उभ्या राहून एका शब्दाभोवती गोल गोल फिरलो, आणि तिला आधी उमगलं.

"मना कागदावर काढून पायजे व्हता गो," ती म्हणाली.

फोटो काढ. फोटो काढून टाक. कागदावर फोटो काढ. इतकी वर्षं मी मुलांना चित्र काढा म्हणत आले, आणि हा शब्द किती बाजूंनी कापतो हे मला त्या फ्रेमसमोर कळलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली, म्हणाली, जाऊ दे, नशिबात न्हाय. आणि मग फ्रेमच्या काचेवर नसलेली धूळ पदराने पुसली. मला रडू आलं, आणि ते मी तिथेच रडले, लपवलं नाही.

हे त्याच दिवशी लेकीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदाराने सगळे उपाय करून पाहिले. म्हणाला, काढलेल्या फोटोच्या जागेवर नंतरचे फोटो बसले आहेत, तो आता येणार नाही. त्या जागेवर बसला होता बेकरीसमोरचा एक बोकड.

मग आम्ही पुन्हा फोटो काढायचं ठरवलं. कोळणीने नाखव्याला काय सांगितलं मला माहीत नाही, पण तो बसला. त्याला खुर्चीत बसवलं, सुनेने केसांना तेल लावून भांग पाडला, कोळीण नवी साडी नेसून बाजूला उभी राहिली. नाखव्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि डिपॉझिट जप्त झालेल्या उमेदवारासारखा समोर बघायला लागला. लेकीच्या कॅमेऱ्यात एक सोय आहे, माणूस हसलं की तो आपोआप फोटो काढतो. मी मोठ्या आशेने ती लावली. कॅमेऱ्याने नाखव्याच्या तोंडाभोवती पिवळा चौकोन काढला आणि तो वाट बघत बसला. नाखवाही वाट बघत बसला. दोघांपैकी कोणी हटेना. शेवटी कॅमेऱ्याची बॅटरी संपली आणि नाखवा सुटल्यासारखा उठून गेला.

राहिला होता मामाचा कॅमेरा. त्यात तो एक फोटो होता, हसण्याच्या आधीचा. तो मला पहिल्यापासून आठवत होता, पण मी कोळणीला बोलले नाही. एक तर त्यात ते हसणं नव्हतंच, मी त्या वेळी कोळणीकडेच बघत होते आणि नाखव्याचं तोंड कुठे होतं हे मला सांगता येत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे झाकण. त्या सकाळी मी झाकण काढलं होतं की नव्हतं हे काही केल्या आठवेना. खिडकीतून सगळं छान दिसलं होतं, पण ते साखरपुड्यातही दिसलं होतं. एकदा फसवलेल्या बाईला दुसऱ्यांदा आशा लावण्याचं धाडस मला होईना.

ह्यांना मात्र सांगितलं. वाटलं, आता अंधारातला साखरपुडा निघणार. पण हे उठले. अंगणात जाऊन झाडांना पाणी घालायला लागले आणि तिथून म्हणाले, रोलमध्ये किती उरलेत ते माझे काढ आणि संपव एकदाचा. उरलेले सगळे फोटो मी ह्यांचेच काढले. पाणी घालताना, पाणी घालून झाल्यावर, आणि पुरे झालं म्हणताना. प्रत्येक वेळी हे विचारत होते, झाकण काढलंस का? मग तोच माणूस, ज्याला रोलचा कॅमेरा म्हणजे पोस्टाचं कार्ड वाटतं, रोल शर्टाच्या आतल्या खिशात घालून एसटीने पनवेलला लेकीकडे गेला. तिथून तिने तो मुंबईला धुवायला दिला.

मार्गशीर्ष लागला. आमच्याकडे त्या महिन्यात मासळी येत नाही, त्यामुळे बाजारात जायला कारण उरलं नाही, आणि कारण नसताना जायला तोंड नव्हतं. मी सकाळी एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत यायचे. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या महिन्यात समजलं. लेकीने विचारलं होतं, फोटो फोनवर पाठवू का? मी नको म्हटलं. कोरा असेल तर फोनवर बघायचा नव्हता आणि असेल तर कागदावरच बघायचा होता. हे म्हणाले, धन्य आहेस.

लेक शनिवारी आली. चपला काढता काढता तिने पाकीट माझ्या हातात दिलं. वरच ह्यांचे फोटो होते, पाणी घालतानाचे. त्यांच्याखाली तो होता.

मध्यभागी कोळीण आहे. तोंड बोलताना उघडलेलं, डोळे माझ्याकडे, एक हात सुकटीत. ती स्पष्ट आहे कारण मी तिला धरलं होतं. तिच्या बाजूला नाखवा बसलेला आहे, मांडीवर जाळं, सदऱ्याची कड जाळ्यात. त्याच्या हातातली सुई टाक्यातच थांबली आहे आणि त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं आहे. हसलेला नाही. हसू अजून यायचं आहे. पण तो तिच्याकडे ज्या डोळ्यांनी बघतो आहे, तसं बघताना मी कोणत्याही म्हाताऱ्या नवऱ्याला पाहिलेलं नाही. लेक माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, आई, हे कोण आहेत?

महिना संपायची वाट न बघता मी कोळीवाड्यात गेले. कोळीण मांडवाखाली होती. मी फोटो पुढे केला. तिने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि घेतला. आधी तिने स्वतःला पाहिलं आणि नाक मुरडलं. तोंड उघडं आलंय, ती म्हणणारच होती. मग तिची नजर शेजारी गेली.

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो आसा बगतो माज्याकडं?" ती म्हणाली. मला नाही, फोटोलाच विचारल्यासारखं. "मी बगीतलं की दुसरीकडं बगतो."

ती फोटो घेऊन आत गेली, आणि फ्रेम खिळ्यावरून काढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि तिने मला दटावलं, मार्गशीर्षात कशाला आलीस, आता तुला द्यायला काय हाय माज्याकडं? मी खूप खूश होते. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, झाकण काढलं होतं. हे म्हणाले, कधीतरी काढायचंच होतंस.

मार्गशीर्ष संपला आणि आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा मासळीचा वास आला. त्याच सुमारास एका सकाळी आमच्या फाटकाशी नाखवा उभा होता. तो आमच्याकडे कधी येत नाही. आत ये म्हटलं तर आला नाही, पाणी घेतो का म्हटलं तर नको म्हणाला. फाटकाच्या वरच्या पट्टीवर हात ठेवून तो आमच्या माडाकडे बघत होता. माडाला काही झालंय का असं मला वाटलं.

"बाई," तो माडाला म्हणाला, "त्यो फोटू काढ."

आतून हे कान देऊन ऐकत होते. ह्या माणसाला आपला चेहरा भिंतीवर नको असणार, बायकोचं मन मोडायचं नाही म्हणून माझ्याकडे आला असणार, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. पण ह्या वेळी मी अंगठा आवरला आणि आधी विचारून घेतलं. म्हटलं, काढ म्हणजे काय करू?

त्याने माडावरची नजर काढली, माझ्या पायांपर्यंत आणली, आणि तिथेच ठेवली.

"आनखी एक काढ," तो म्हणाला. "होरीवर लावाचाय. खोलात गेलू की ती घरा ऱ्हाते."

मी म्हटलं, होडीसाठी काढते. तो मान हलवून गेला, आणि मी आत जाऊन ह्यांना म्हटलं, रोल पुन्हा खिशात घाला आणि उद्या पनवेलची एसटी किती वाजता आहे ते बघा.